कोरडी ठणठणीत होडी

घरच्या घरी होडी बांधायची तर सगळ्यात आधी लागतात ते शेजारी. लाकूड, खिळे, रंधा वगैरे मंडळी मागाहून आली तरी चालतं. पण शेजारी नसतील तर तुम्ही उभी केलेली फळी मुळात आडवी हवी होती, हे तुम्हाला सांगणार कोण?

या बाबतीत रेकॉर्डकाका भाग्यवान होते. चार मजले, सोळा बिऱ्हाडं, आणि खाली खांबांच्या मधोमध पांढऱ्या पट्ट्यांनी आखलेल्या सोळा पार्किंगच्या जागा. काकांची जागा नऊ नंबरची. काकांनी आयुष्यात गाडी घेतली नव्हती, त्यामुळे त्या आयतात आजवर फक्त एक मांजर पार्क होत असे. एका सकाळी तिथे तेरा फूट लांबीचा एक सरळसोट वासा येऊन पडला. मांजराने तो हुंगला आणि ते दहा नंबरमध्ये राहायला गेलं. बिल्डिंगमध्ये न विचारता आणि न बोलता निर्णय घेणारा तो एकमेव जीव.

"हे काय?" सोसायटीच्या सेक्रेटरींनी विचारलं.

"कणा," काका म्हणाले.

"कुणाचा?"

"होडीचा."

सेक्रेटरींनी वाशाभोवती एक फेरी मारली. मग म्हणाले, "पुढचं टोक निमुळतं ठेवा हं." हा पहिला सल्ला. काकांनी तो लगेच वहीत उतरवला.

वहीचं असं की काकांनी सरकारी कचेरीच्या दप्तरखान्यात अडतीस वर्षं काढली होती. बाहेरून आलेला कागद, मग तो कितीही फालतू असो, त्याची नोंद झाल्याशिवाय तो आला असं त्यांना वाटतच नसे. म्हणून होडीसाठी पहिली खरेदी झाली ती करवतीची नव्हे, तर आवक नोंदवहीची. अनुक्रमांक, दिनांक, सल्ला देणाऱ्याचा मजला, विषय, शेरा. पहिल्या महिन्यातच एक्केचाळीस सल्ले झाले. क्रमांक सातमध्ये दुसऱ्या मजल्यावरच्या दंतवैद्यांनी मागचं टोक निमुळतं ठेवायला सांगितलं होतं. क्रमांक पंधरामध्ये तळमजल्यावरच्या आजींनी होडीला दार ठेवायला सांगितलं होतं. क्रमांक बावीस निवृत्त प्राध्यापकांचा होता. ते म्हणाले, "लाकूड पाण्यापेक्षा हलकं. त्यामुळे लाकडी होडी बुडणं तत्त्वतः अशक्य आहे. तुम्ही निश्चिंत राहा." त्यापुढे काकांनी शेरा लिहिला : 'समाधानकारक.'

होडी का, हे कुणी विचारलं नाही. सल्ला द्यायला कारण लागत नाही. विचारलं ते फक्त काकूंनी, तेही पहिल्या फासळ्या उभ्या राहिल्यावर. काकू सरकारी इस्पितळातल्या निवृत्त मोठ्या सिस्टर. अख्खं आयुष्य वॉर्डात गेल्यामुळे त्या कुठल्याही माणसाशी, तो पलंगावर आडवा आहे असं समजून बोलत.

"काय होतंय नक्की तुम्हाला?" त्यांनी विचारलं.

काका रंधा मारायचे थांबले. "लाखो कागद गेले गं माझ्या हातातून. सगळे दुसऱ्यांचे. मी नुसता शिक्का मारला आणि पुढे पाठवले. एक वस्तू अशी नाही की जी माझ्यापाशी सुरू झाली आणि माझ्यापाशीच संपली."

काकूंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. ताप नव्हता. "बरं," त्या म्हणाल्या, "पण उघड्या पायांनी भुशात उभे राहू नका. चपला घाला."

खरं काम शिकवलं ते मिस्त्रींनी. गावाबाहेरच्या तलावाकाठी त्यांची शेड होती आणि पन्नास वर्षं ते होड्या बांधत आणि दुरुस्त करत आले होते. मिस्त्री दिवसाला साधारण वीस शब्द बोलत आणि त्यातले बरेचसे हातोडीला उद्देशून असत. त्यांनी काकांना फासळ्यांचे नमुने कापून दिले, फळी वाफेवर कशी वाकवायची ते दाखवलं, आणि दोन फळ्यांच्या सांध्यात सुताचा कापूस कसा ठासायचा ते करून दाखवलं. काकांनी वही पुढे केली. "आणखी काही सल्ला?"

मिस्त्रींनी विचार केला. "नाही," ते म्हणाले.

कापूस ठासायचं काम काकूंनी आपल्याकडे घेतलं. काकांचा हात त्यात बसेना. "सरका," एके दिवशी त्या म्हणाल्या, "अडतीस वर्षं माणसांच्या जखमांत कापूस भरलाय, या तर फळ्या आहेत. ओरडत तरी नाहीत." एका दुपारी त्यांनी पूर्ण डावी बाजू भरली. जाता जाता होडीला थोपटलंही.

इथवर सगळं सुरळीत होतं. घोळ झाला तो काकांच्या एका जुन्या वैरामुळे.

काकांचं जगात कुणाशी भांडण नव्हतं, फक्त ओलीशी होतं. दप्तरखान्यात ओल शिरली की काय होतं हे ज्याने पाहिलंय त्यालाच ते कळेल. शाई फुटते, कागद फुगतो, गठ्ठ्याचा लगदा होतो आणि एखाद्याचा जन्मच रद्द होतो. अडतीस वर्षं काकांनी भिंतींना हात लावून लावून ओल शोधली होती. घरातही ते आंघोळीनंतर न्हाणीघराची फरशी पुसून कोरडी करत आणि मगच स्वतःला पुसत. असा माणूस आपली होडी कशी सांभाळणार?

त्यांनी ती प्लास्टिकच्या कापडाखाली ठेवली. दिवसभर दोन बाजूंनी दोन पंखे. आत पिवळा दिवा, ऊब राहावी म्हणून. कोपऱ्यांत डांबराच्या गोळ्या. मोटारी धुणाऱ्या माणसाला त्यांनी आठ ते दहा नंबरच्या पट्ट्यांत पाण्याची बादली आणायची सक्त मनाई केली.

आणि आश्चर्य असं, की जी बिल्डिंग टोकाच्या निमुळतेपणावर कधी एकमत होऊ शकली नव्हती, ती इथे एकदिलाने काकांच्या पाठीशी उभी राहिली. लाकडाला पाणी वाईट, हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. प्रत्येकाच्या घरात एखादं फुगलेलं दार होतंच. प्राध्यापकांनी सुनेचं केस वाळवायचं यंत्र आणून दिलं. दंतवैद्यांनी हवेचा फवारा मारणारी नळी आणली आणि एकेक फट 'आ करा' म्हणावं तशी वाळवून दिली. वहीत क्रमांक साठ ते चौऱ्याण्णव हे सगळे सल्ले कोरडेपणाविषयीच आहेत.

तीन महिन्यांत होडी अशी वाळली की बोटाने टकटक केली तर पापडासारखी वाजायची. संध्याकाळी आतला दिवा लावला की फळ्यांच्या सांध्यांतून सोनेरी रेघा बाहेर पडत. लोक कामावरून परतताना जिन्यापाशी थांबून बघत.

"वा!" सेक्रेटरी म्हणत, "काय कोरडी झालीय!"

काकूंना मात्र ते लक्षण बरं दिसेना. "अहो, टाके सैल पडतायत. रोज कापूस गळतोय खाली. जखम रुंदावतेय."

"रुंदावत नाहीये, वाळतेय," काका म्हणाले. "वाळली की जखम भरते."

"हे तुम्ही मला सांगताय?"

काकांनी विषय बदलला.

मग ती सभा झाली. चार महिन्यांची ठोकाठोक झाल्यावर सेक्रेटरींनी विषय मांडला : पार्किंगची जागा वाहनासाठी असते, आणि होडी हे वाहन आहे काय? "चाकं कुठायत?" असं दंतवैद्य म्हणाले. "जे वाहून नेतं ते वाहन," असं प्राध्यापक म्हणाले. "पण ही कुणाला नेते कुठे? चार महिने जागची हलली नाहीये," असं आजी म्हणाल्या. शेवटी सेक्रेटरींनी मनातली गोष्ट काढली. गेटपाशी त्यांना फुलांचा वाफा करायचा होता, आणि गेले कित्येक आठवडे ते येताजाता होडीकडे एका वेगळ्याच नजरेने बघत होते. होडीच्या आकाराचा वाफा! आत माती, मातीत शेवंती, कडेला टांगलेल्या वेली. अशी बिल्डिंग चार गावांत नसती.

तडजोड ठरली. महिनाअखेर संध्याकाळी पाचपर्यंत होडी तरंगली तर ती वाहन. नाही तरंगली तर बागेला अर्पण.

ठराव लिहायला कुणाला जमेना. दोनदा खोडाखोड झाल्यावर काकांना राहवेना. "द्या इकडे," म्हणून त्यांनी कागद ओढून घेतला आणि स्वतःच्या होडीच्या मरणाचा ठराव इतक्या सुवाच्य अक्षरात, इतका नेमका लिहिला की सभेने टाळ्या वाजवल्या. 'तरंगणे' म्हणजे काय याची व्याख्यासुद्धा त्यांनीच घातली : 'किमान एका प्रौढ व्यक्तीसह, सलग पंधरा मिनिटे, कोणत्याही आधाराविना.' कुठेही पळवाट राहिली नाही याचं समाधान त्यांना जिना चढेपर्यंत पुरलं. दाराशी पोचल्यावर त्यांच्या ध्यानात आलं की पळवाट ठेवायला हवी होती.

तलावात होडी सोडायची तर तलाव कार्यालयाची परवानगी लागते. तिथल्या कारकुनाने फॉर्म पुढे सरकवला. त्यात होडीचे तीन प्रकार होते : मासेमारी, प्रवासी, सरकारी.

"कशासाठी होडी?" कारकुनाने विचारलं.

"बसायला."

"घरी खुर्ची नाही का?"

"आहे."

"मग?"

काकांना कारकुनाचा राग आला नाही, उलट अडतीस वर्षांनी आरशात बघावं तसं झालं. त्यांनी आवाज हळू केला. "तिन्ही प्रकार खोडा, आणि समासात 'इतर' लिहून सही करा. समासात लिहिलेलं वरचे लोक कधी वाचत नाहीत." कारकुनाने त्यांच्याकडे गुरूकडे बघावं तसं बघितलं आणि परवाना दिला.

महिन्याच्या शेवटच्या रविवारी सकाळी हातगाडीवर होडी निघाली. मागे अख्खी बिल्डिंग चालत होती. सेक्रेटरी आणि माळी सगळ्यात मागे होते, आणि माळी मधूनमधून होडीची रुंदी टेपने मोजत होता.

काठावर काकांनी धोतराचा, म्हणजे खरं तर पँटचा, काचा मारल्यासारखा घोळ वर घेतला, होडीत चढले, ताठ बसले आणि मान हलवली. चौघांनी होडी ढकलली.

होडी तरंगली. सुमारे वीस सेकंद.

मग पाणी आलं. एका भोकातून धसमुसळेपणाने आलं असतं तर माणसाने हाताने दाबून धरलं असतं. हे सगळ्या सांध्यांतून, दोन्ही बाजूंनी, रांगेत, एकाच वेळी आलं. घोटे भिजले. गुडघे भिजले. काका उठले नाहीत. पाणी मांडीवर आलं तेव्हा त्यांनी खिशातून परवाना काढून डोक्यावर टोपीखाली ठेवला. होडी अडीच फूट पाण्यात तळाला टेकली तेव्हा वर फक्त काका उरले, छातीपासून वर, कचेरीत बसावेत तसे.

काठावर एकच कल्ला झाला. "डावीकडे झुका!" "उजवीकडे!" "पाणी काढा, पाणी काढा!" यातला शेवटचा सल्ला पाळायचा तर तलाव रिकामा करावा लागला असता.

"तत्त्वतः," प्राध्यापक सगळ्यांना सांगत होते, "ती बुडालेली नाही."

सेक्रेटरी हळूच माळ्याला म्हणाले, "माती सांगून ठेव."

"अहो, उतरा आता," काकू काठावरून म्हणाल्या, अगदी शांतपणे. "सर्दी होईल. आणि तिला बुडबुडे येतायत अजून, म्हणजे गेलेली नाहीये."

काका उतरले. पाण्यातून चालत काठावर आले. कुणाकडे न बघता ते एका दगडावर बसले आणि त्यांनी पँटचे पाय पिळायला सुरुवात केली. आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या हातांनी पूर्ण केलेली वस्तू त्यांनी वीस सेकंद तरंगताना पाहिली होती. लोकांनाही ते दिसलं असावं, कारण सल्ले बंद झाले.

तेवढ्यात शेडमधून मिस्त्री आले. त्यांनी पाण्यात शिरून होडीची कड चाचपली, काठावर येऊन ओल्या हाताला लागलेला भुसा बघितला आणि विचारलं, "किती दिवस वाळवली?"

"तीन महिने," काका म्हणाले. "दोन पंखे लावून."

मिस्त्रींनी पन्नास वर्षांत असं काही ऐकलं नव्हतं. ते खाली बसले. "होडीला?"

"का? वाळवायची नसते?"

"अहो, लाकूड आटतं. फटी पडतात. पाण्यात राहिलं की फुगतं आणि आपोआप मिटतं. नवी होडी पहिली पाण्यात बुडवूनच ठेवतात." मिस्त्रींचे दिवसभराचे शब्द संपले होते, तरी ते बोलत राहिले. "एखाद्याने ती वाळवली, असं आजवर झालेलं नाही."

"मग तुम्ही सांगितलं का नाही? मी विचारलं होतं, आणखी काही सल्ला आहे का म्हणून!"

"होडी ओली ठेवा, हे काय कुणी सांगायचं असतं?"

काकांनी पिशवीतून वही काढली. एकशे सव्वीस सल्ले. त्यांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत बोट फिरवलं. तो नव्हता.

"चार दिवस राहू द्या पाण्यात," मिस्त्री उठत म्हणाले. "वर येईल, दगड भरा."

आणि मग त्या रविवारी तलावाकाठच्या लोकांनी असं दृश्य पाहिलं की बुडालेल्या होडीत एक निवृत्त गृहस्थ, एक निवृत्त सिस्टर आणि एक म्हातारे मिस्त्री दगड नेऊन भरतायत. सेक्रेटरी गोंधळले. बुडलेल्याला आणखी बुडवण्याची पद्धत त्यांनी पाहिली नव्हती. रविवार ते गुरुवार, चार दिवस. महिना गुरुवारी संपत होता.

मंगळवारी कारकून धापा टाकत आला.

"काका, तुमची होडी बुडालीय म्हणे!"

"बुडाली नाही. ठेवलीय."

"वर दिसत नाही म्हणजे बुडालीच. आणि बुडालेल्या होडीचा पंचनामा लागतो. पंचनामा होईपर्यंत तिला हात लावायचा नाही. पंधरा-वीस दिवस जातात. माझ्या हातात नाही काका, नियम आहे. तुमच्यासारख्या माणसाला मी काय सांगणार?"

हे तर खरंच होतं. काकांनी स्वतः उभ्या आयुष्यात नियम मोडला नव्हता. ते निमूटपणे कारकुनाबरोबर कार्यालयात गेले. कार्यालय पाण्याला लागूनच होतं. कारकुनाने पंचनाम्याच्या फॉर्मसाठी लाकडी कपाट उघडलं, आणि काकांच्या नाकाने आत काय आहे ते आधीच ओळखलं. ओल. भिंतीतून झिरपून खालचा कप्पा भरला होता. पंचनाम्याचे फॉर्म होते, शंभर तरी असतील, पण त्यांची मिळून एक वीट झाली होती.

कारकुनाने ती दोन्ही हातांनी उचलली. नखाने एक कोपरा उकलून पाहिला. कोपरा हातात आला.

"हे सुटे होतील का हो?" त्याने काकांना विचारलं.

काकांच्या हाताची बोटं आपोआप हलली. होतील. टीपकागद, वरून हलकी इस्त्री, कडेने पातळ सुरी. अशा शेकडो गठ्ठ्यांना त्यांनी जीवदान दिलं होतं. दोन तासांचं काम. अख्ख्या जिल्ह्यात ते काम करू शकणारा बहुधा एकच माणूस होता आणि तो समोरच उभा होता.

काकांनी वीट हातात घेतली. उलटसुलट केली. घसा साफ केला.

"अवघड आहे," ते म्हणाले.

आणि त्यांनी ती परत कपाटात ठेवली, होती तिथे, भिंतीला टेकवून.

"फॉर्म नाही तर पंचनामा नाही," कारकून विचार करत म्हणाला. "आणि पंचनामा नाही म्हणजे..."

"म्हणजे बुडाली नाही," काकांनी वाक्य पूर्ण केलं. घरी जाऊन मात्र ते जेवले नाहीत नीट. "काय झालं?" काकूंनी विचारलं. "आज एका पेशंटला मरू दिलं," काका म्हणाले. काकूंनी आणखी एक चमचा भात वाढला.

गुरुवारी चारला सगळे हजर. सेक्रेटरींच्या हातात ठराव, माळ्याच्या हातगाडीत मातीची सहा पोती. दगड बाहेर काढले तशी होडी मगरीसारखी अर्धवट वर आली. काकू बादलीने पाणी काढू लागल्या, काका मगने. सव्वाचार झाले. साडेचार झाले. काढलेलं पाणी परत यायची सगळे वाट बघत होते, सेक्रेटरी जरा जास्तच.

ते आलं नाही.

मिस्त्रींनी तळाच्या सांध्यावरून अंगठा फिरवला. फळ्या अशा मिटल्या होत्या की मधून नख जाईना. "बसा," ते म्हणाले.

काका बसले. त्यांच्या मागोमाग काकूही चढल्या.

"ठरावात एक प्रौढ व्यक्ती म्हटलंय," सेक्रेटरींनी काठावरून हरकत घेतली.

"किमान," काका म्हणाले. त्यांना आपल्याच मसुद्याचा अभिमान वाटला.

"आणि पेशंटला पहिल्यांदा उभं करताना एकटं सोडत नसतात," काकू म्हणाल्या. त्यांनी मनगट वळवून घड्याळ धरलं, नाडी मोजताना धरायच्या तसं. मिस्त्रींनी होडीला पायाने रेटा दिला.

पाच मिनिटं झाली. दहा झाली. तळफळीवर कुठून तरी एक थेंब आला, आणि काठावरच्या सोळा बिऱ्हाडांनी श्वास रोखला. तो काकूंच्या पदराचा निघाला. तेरा. चौदा. काका होडीच्या कडेवर हात ठेवून बसले होते. रंध्याने त्यांचा हात जिथे चुकला होता तिथे लाकडाला एक खोलगट जागा होती, आणि अंगठा तिथे नेमका बसत होता.

"पंधरा," काकू म्हणाल्या.

काठावर टाळ्या झाल्या. सेक्रेटरींनीही वाजवल्या, माणूस मनाने वाईट नव्हता, शिवाय मातीची पोती पुढच्या आठवड्यात दुसऱ्या कशात तरी ओतता आली असती. ते हात हलवून परत या, परत या करत होते. पण काकांनी वल्ही उचलली होती, आणि होडी, थोडी तिरकी, थोडी लाजत, आत आत निघाली होती. काठावरची माणसं लहान होत गेली. त्यांचे आवाज आधी पातळ झाले, मग नुसती तोंडं उघडमीट करताना दिसू लागली.

"प्राध्यापक कसले हातवारे करतायत?" काकूंनी वळून पाहत विचारलं.

"मी वल्ही उलटी धरलीत म्हणतायत."

"मग, धरलीयत का?"

काकांनी वल्ह्यांकडे पाहिलं.

"हो."

"मग सुलटी धरा ना!"

"धरू की," काका म्हणाले आणि त्यांनी आणखी एक हात मारला. "ते सगळे घरी गेले की."